६१ बटणांचा वायर्ड मेकॅनिकल गेमिंग कीबोर्ड: वैशिष्ट्यं काय, अडचण कुठे?

गेमिंगसाठी मिळणारे छोटे वायर्ड मेकॅनिकल कीबोर्ड बरेचदा '६० टक्के' आकाराचे असतात. नेहमीच्या मोठ्या कीबोर्डवर १०४ बटणं असतात, यावर ६१. नंबर पॅड, बाणांची बटणं आणि एफ१ ते एफ१२ ची ओळ काढून टाकलेली असते. टेबलावर माउस फिरवायला ऐसपैस जागा मिळते, नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यांना तीच हवी असते.

उदाहरणादाखल हायपरएक्सचा अलॉय ओरिजिन्स ६० घेऊ. रुंदी साधारण ३० सेंटीमीटर, बॉडी अॅल्युमिनियमची, वजन पाऊण किलोच्या आसपास. त्यामुळे जोरात खेळलं तरी तो जागचा सरकत नाही. यूएसबी टाइप-सी केबल वेगळी काढता येते, म्हणजे वायर तुटली तर फक्त वायरच बदलायची.

साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराचा पडदा असतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. या मॉडेलच्या लाल स्विचला ४५ ग्रॅम जोर लागतो, बटण १.८ मिलीमीटर खाली गेलं की अक्षर उमटतं आणि पूर्ण दाब ३.८ मिलीमीटरचा आहे. कंपनी एका स्विचचं आयुष्य ८ कोटी दाब इतकं सांगते. एकदम कितीही बटणं दाबली तरी प्रत्येकाची नोंद होते. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी मध्ये हलकासा अडखळतो, निळा टकटक वाजतो. रात्री घरात कुणी झोपलेलं असेल तर निळ्याच्या वाटेला न गेलेलंच बरं.

आता आपल्याकडची गोष्ट. पुष्कळ घरांत कॉम्प्युटर एकच असतो. दिवसा त्यावर हिशोब, रात्री पोरांचे गेम. टॅलीत एफ५ पेमेंट, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. इथे त्या प्रत्येकासाठी आधी एफएन धरायचं. जुन्या फॉन्टवर काम करणारे डीटीपीवाले तर आल्ट धरून नंबर पॅडवर आकडे मारतात, त्यांचा हातच अडतो.

मराठी इनस्क्रिप्टला मात्र फारसा धक्का नाही. क्ष, ज्ञ, त्र, श्र आकड्यांच्या ओळीत शिफ्टसोबत येतात आणि ती ओळ शाबूत आहे. बटणांवर मराठी अक्षरं छापलेली नसतात, एवढंच.

खरी गंमत बेळगाव-निपाणीकडे आणि हैदराबादेत. एकाच्या डावीकडे जे बटण असतं, तिथे यावर एस्केप बसवलेलं आहे. इनस्क्रिप्टमध्ये ती जागा ऱ्हस्व 'ओ'ची. मराठीत तो लागत नाही, पण कन्नड आणि तेलुगूत पदोपदी लागतो. कन्नडमध्ये 'एक' म्हणजे 'ओंदु' लिहायचं तरी सुरुवातच त्याने! म्हणजे दर वेळी एफएन आणि एस्केपची कसरत. शाळेचे, पंचायतीचे अर्ज दोन्ही भाषांत टाइप करणाऱ्याला हे दिवसभर परवडत नाही.

अशांनी ८७ बटणांचा टीकेएल घ्यावा: नंबर पॅड नाही, बाकी सगळं जागेवर. '७५ टक्के' आकारातही एफची ओळ आणि बाण मिळतात. '६५ टक्के'त बाण आले तरी एस्केप बहुधा त्याच जागी बसलेलं असतं, म्हणून ऑनलाइन मागवताना फोटो मोठा करून एकाच्या शेजारचं बटण आधी बघून घ्या.