यंत्राची स्मृति आणि तिचें घर

बीड जिल्ह्यांतील अंबेजोगाई येथें दासोपंतांची पासोडी जपलेली आहे. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा त्या वस्त्रावर या संतकवीनें पंचीकरणाचा विषय लिहून ठेविला. दासोपंत १६१५ सालीं निवर्तले. परंतु ज्यास अक्षरओळख आहे त्यास तें लिखाण आजहि वाचतां येतें. यंत्राच्या स्मृतीची गोष्ट निराळी आहे. जें यंत्र डोळ्यांपुढें ठेवून ती घडविली, त्यावांचून इतरांस ती बहुधा मुकीच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सिद्ध झालेलें 'टिफ्रॅक' हें गणकयंत्र १९६० सालीं कामास लागलें. फेराइटच्या बारीक कड्यांतून तारा ओंवून त्याची स्मृति केलेली होती. तींत २,०४८ शब्द मावत व प्रत्येक शब्दास ४० स्थानें असत. म्हणजे एकंदर ८१,९२० खुणा. ही स्मृति त्या यंत्राचाच अवयव असल्यामुळें ती अन्यत्र बसेल कीं नाहीं, हा प्रश्नच नव्हता.

पुढें स्मृति सिलिकॉनच्या चिपांवर आली आणि १९८० ते १९९० या दशकांत ती सुट्या पट्टीच्या रूपानें मिळूं लागली. आज ८ गीगाबाइटच्या एका पट्टींत सुमारें ६,८७० कोटी खुणा मावतात. पण वस्तु सुटी झाली कीं ती कोठें बसावयाची, हा प्रश्न आलाच. 'जेडेक' या संस्थेनें त्यासाठीं मापें ठरवून दिलीं. डीडीआर-२ व डीडीआर-३ या दोन्ही पट्ट्यांस २४० संपर्कबिंदु आहेत. परंतु पहिलीस १.८ व्होल्ट दाब लागतो, दुसरीस १.५. डीडीआर-४ व डीडीआर-५ यांस प्रत्येकीं २८८ बिंदु. तथापि पांचव्या पिढींत दाब नियमित करण्याचें काम मदरबोर्डाकडून पट्टीकडे आलें. म्हणून प्रत्येक पिढीची खांच मुद्दाम सरकविलेली आहे. पट्टी बसत नाहीं हा तिचा दोष नव्हे; चुकीच्या जोडणीनें यंत्र बिघडूं नये म्हणून ठेविलेला तो पहारा होय. खांच जुळली तरीहि तेवढी स्मृति ओळखण्याची शक्ति प्रोसेसरांत व मदरबोर्डांत असावी लागते.

एखाद्या शाळेंतील जुना संगणक बाकी सर्व धड असतां, केवळ त्याच्या पिढीची पट्टी न मिळाल्यानें अडगळींत जातो. यास्तव पैसे मोजण्यापूर्वीं मदरबोर्डाची पिढी पाहावी, मग पट्टी घ्यावी. कानशीनें नवी खांच पाडण्याच्या भरीस पडूं नये.

वीज गेली तरी फेराइटचें कडें आपली खूण विसरत नसे. आजची पट्टी क्षणार्धांत सर्व विसरते. दासोपंतांच्या पासोडीस मात्र ना विजेची गरज, ना खांचेची.