असून नसलेला बाप

चिचगड हें आज गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यांतलें गांव. ब्रिटिश अमदानींत तें भंडारा जिल्ह्यांतील एका जमीनदारीचें ठिकाण होतें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्याच सालीं हिंदुस्थानास फौजदारी कार्यपद्धतीची पहिली संहिता मिळाली. ऐपत असून बायकामुलांस टाकणाऱ्या पुरुषाकडून दरमहा पोटगी देवविण्याचा अधिकार तिनें मॅजिस्ट्रेटास दिला. १८९८ च्या संहितेंत हेंच ४८८ वें कलम झालें. मर्यादा ५० रुपयांची; हुकूम मोडल्यास कैद. औरस-अनौरस असा भेद त्यांत केला नव्हता, ही त्या कायद्याची थोरवीच म्हटली पाहिजे.

तेव्हां चिचगडच्या रानमुलुखांतील टाकलेल्या स्त्रीसहि, निदान कागदावर, दाद मागण्याची वाट होती. परंतु पोटगी थकविणारा तुरुंगांत गेला तरी बाहेर येई तो बाप म्हणूनच. मुलावरील त्याच्या अधिकारास त्या कलमानें धक्का लागत नसे. तो अधिकार दुसऱ्याच दप्तरांत बांधलेला. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वयें हयात बाप अपात्र ठरल्यावांचून न्यायालयास अज्ञान मुलाच्या देहाचा दुसरा पालक नेमतां येत नसे. भाकरीचा हिशेब एका कचेरींत, हक्काचा दुसरींत!

१९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्याचें नववें कलम तर वाचण्यासारखें आहे. बाप वारला, त्यानें संसाराचा पुरता त्याग केला, धर्म सोडला किंवा न्यायालयानें त्यास वेडा ठरविलें, तर त्याच्या संमतीवांचून आईस मूल दत्तक देतां येतें. वर्षानुवर्षें एक पैहि न धाडणें हें कारण त्या यादींत नाहीं. २०१० च्या दुरुस्तीनेंहि तें आलें नाहीं. भगवीं नेसणारा हक्क गमावतो, परगांवीं दुसरें बिऱ्हाड थाटणारा गमावीत नाहीं. अमेरिकेंतील अनेक राज्यांत मुलाचा खर्च चुकविणें हें पित्याचे हक्क रद्द होण्याचें एक कारण ठरूं शकतें.

आपल्याकडे फट पडली ती विदर्भांतल्या एका शेतजमिनीच्या वादांत. ‘जिजाबाई विरुद्ध पठाणखान’ हा खटला सर्वोच्च न्यायालयानें १९७० सालीं निकालांत काढला. अज्ञान मुलीचा बाप हयात, पण आईपासून विभक्त व मुलीविषयीं उदासीन. सारा कारभार आई पाही. असा बाप असून नसल्यासारखाच, म्हणून आईच नैसर्गिक पालक, असें न्यायालयानें मानलें. पुढें १९९९ च्या गीता हरिहरन खटल्यांत याच निकालाचा आधार घेण्यांत आला, आणि कायद्यांतील ‘बापानंतर’ याचा अर्थ ‘बापाच्या अभावीं’ असा लावला गेला. त्याच वर्षीं गोंदिया जिल्हाहि भंडाऱ्यापासून विभक्त झाला, हा आपला योगायोग.

बापाचा हक्क मात्र दोन्ही निकालांत रद्द झाला नाहीं. बाजूस ठेवला गेला, इतकेंच. थकलेल्या पोटगीचा अर्ज अजून निराळाच करावा लागतो; आतां तो २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखालीं.