हलत्या शेतमोटरीसाठी केबल आणि जोडणी कशी निवडावी?

नदीकाठची मोटर पाणी वाढले की वर घ्यावी लागते. कडबाकुट्टी गोठ्यातून खळ्यावर जाते, तर शेततळ्यावरचा पंप दोन महिने एका बांधावर आणि पुढे दुसऱ्या बांधावर असतो. अशा मोटरीला कायमची लाइन नसते, वीज सुट्या केबलमधून जाते. मोटर जळते तेव्हा आपण कमी दाबाला किंवा मोटरीच्या कंपनीला दोष देतो. पण अनेकदा कारण असते बारीक केबल आणि ढिला जोड. हेच दोष ओल्या रानात माणसाच्या जिवावरही बेततात. म्हणून खरेदीपूर्वी पुढील बाबी तपासाव्यात.

केबलची जाडी अंतरावरून ठरवा

दुकानात फक्त 'पाच एचपीसाठी केबल द्या' असे सांगू नये. स्टार्टरपासून मोटरीपर्यंतचे अंतर आधी मोजावे. 5 एचपीची थ्री फेज मोटर पूर्ण भारावर सुमारे 8 अँपिअर प्रवाह घेते. तेवढ्या प्रवाहाला तांब्याच्या केबलमध्ये दर 100 मीटरला साधारण एवढा दाब कमी होतो:

- 1.5 चौ. मिमी : 18 व्होल्ट
- 2.5 चौ. मिमी : 11 व्होल्ट
- 4 चौ. मिमी : 7 व्होल्ट
- 6 चौ. मिमी : 4.5 व्होल्ट

उदाहरणार्थ, अंतर 250 मीटर आहे आणि स्टार्टरवर 390 व्होल्ट मिळतात. 2.5 चौ. मिमी केबल वापरल्यास मोटरीपर्यंत सुमारे 362 व्होल्ट पोहोचतात. 415 व्होल्टच्या मोटरीसाठी 373 च्या खालचा दाब धोक्याचा समजावा. 4 चौ. मिमी केबल जेमतेम काठावर राहते, म्हणून येथे 6 चौ. मिमी योग्य. मोटर 7.5 एचपी असेल तर वरील घट सुमारे दीडपट, 10 एचपी असेल तर जवळपास दुप्पट धरावी.

दाब कमी झाला की मोटर तेवढेच काम करण्यासाठी जास्त प्रवाह ओढते, तापते आणि वाइंडिंग जळते. सुरू होताना मोटर पाच-सहा पट प्रवाह घेते. त्यामुळे बारीक केबलवर ती नुसती गुणगुणते, उचलत नाही.

केबल कोणती घ्यावी?

- बारीक तारांची, लवचिक तांब्याची केबल घ्यावी. ॲल्युमिनियमची तार वारंवार वाकवल्याने तुटते आणि त्याच जाडीत दाबही जास्त घटतो.
- केबल चार कोरची असावी : तीन फेजसाठी आणि चौथी अर्थिंगसाठी. तीन कोरची चपटी केबल स्वस्त पडते, पण तिच्यात अर्थिंगची तार नसते. हिरवी-पिवळी तार फक्त अर्थिंगलाच जोडावी.
- केबलवर आयएसआय चिन्ह व जाडी छापलेली आहे का ते पाहावे. पीव्हीसी केबलसाठी आयएस 694, तर रबरी केबलसाठी आयएस 9968 हे मानक आहे. रोज ओढाताण होणार असेल तर रबरी केबल सोयीची.

जोडणी : सर्वांत कच्चा दुवा

तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पावसात, दवात किंवा चिखलात टिकत नाही. त्याऐवजी औद्योगिक प्लग-सॉकेट वापरावे. 415 व्होल्टसाठी ते लाल रंगाचे असते. न्यूट्रल न लागणाऱ्या मोटरीला चार पिनचे पुरते. त्यावर आयपी 44 असेल तर ते उडणारे पाणी सहन करते. ओल्या जागेसाठी आयपी 67 घ्यावे. झाकण व रिंग पूर्ण आवळल्याशिवाय हे संरक्षण मिळत नाही.

सॉकेट नेहमी विजेच्या बाजूला आणि पिन असलेला प्लग मोटरीच्या बाजूला जोडावा. उलट जोडल्यास प्लग निघाल्यावर उघड्या पिनांत वीज राहते.

वापरताना घ्यायची काळजी

- रीळवरची केबल पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली केबल आतून तापते आणि आवरण वितळते.
- जोड जमिनीपासून उंच, बांबूच्या तिकाटण्यावर ठेवावा. वाट ओलांडताना केबल पाइपातून न्यावी.
- मेन स्विचजवळ योग्य क्षमतेचा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तो वारंवार पडत असेल तर काढून टाकू नये; वीज कुठेतरी गळत आहे, ती जागा शोधावी.
- मोटर हलवण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. केवळ स्टार्टर बंद करणे पुरेसे नाही, कारण वीज आली की ऑटो स्विच मोटर आपोआप सुरू करतो.
- कोणाला शॉक बसल्यास त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा.

जोडणी व अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा संपूर्ण केबल हातात घेऊन पाहावी : चीर, उंदराने कुरतडलेली जागा, काळवंडलेली पिन. मोटर अर्धा तास चालवून मेन स्विच बंद करावा आणि मग जोडाला हात लावून पाहावा. तो गरम लागला तर तो जोड बदलावा.