सर्रा रोग, चावऱ्या माश्या आणि घोड्यांचे संरक्षण : एक ऐतिहासिक अभ्यास (१८८०–१९०१)

प्रस्तावना :
घोडदळाच्या इतिहासात लढायांची चर्चा विपुल आढळते. घोडा जिवंत ठेवण्याच्या व्यवस्थेकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. उष्ण व दमट हवेत ही व्यवस्था विशेष कठीण होई. शिवकालीन लष्कराच्या पावसाळी छावणीसाठी दाणा, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा यांची तरतूद केली जाई, असे सभासद बखरीवरून दिसते. त्या वर्णनात माश्यांचा उल्लेख नाही. परंतु पावसाळ्यात घोड्यांना आडोसा हवा, हे भान त्यात स्पष्ट आहे. चावरी माशी ही केवळ उपद्रवी नसून सर्रा या प्राणघातक रोगाची वाहक आहे, हे प्रयोगाने सिद्ध होण्यास मात्र १९०१ साल उजाडावे लागले. प्रस्तुत लेखात या विलंबाचा विचार केला आहे.

शोध आणि उपेक्षा :
१८८० मध्ये लष्करी पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे सर्राग्रस्त घोडे व उंट यांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव आढळले. दूषित रक्त टोचल्यास निरोगी जनावरासही रोग जडतो, हे त्यांनी दाखविले. मोठ्या तपकिरी माशीच्या दंशाने हा रोग होतो, ही स्थानिक लोकांची समजूतही त्यांनी नोंदविली. तथापि १८७८ मध्ये टिमोथी लुईस यांना निरोगी दिसणाऱ्या उंदरांच्या रक्तातही तशाच प्रकारचे जीव सापडले होते. त्यामुळे हे जीव रोगाचे कारण नव्हेत, असे मत प्रबळ राहिले.

मुंबई-पुण्याचा संबंध :
१८८५ मध्ये ब्रह्मदेशातील खेचरांचा अभ्यास करताना जे. एच. स्टील यांनाही हेच जीव दिसले. मात्र त्यांनी त्यांचे वर्गीकरण चुकीचे केले. हेच स्टील १८८६ मध्ये मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या शाही जंतुशास्त्र प्रयोगशाळेत आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर संशोधन केले. १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. १८९५ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी आफ्रिकेतील नागाना रोगाचा त्सेत्से माशीशी संबंध दाखविला आणि १९०१ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी सर्राचा प्रसार घोडमाशीमुळे होतो, हे प्रयोगाने सिद्ध केले.

संरक्षणाचा नवा अर्थ :
रॉजर्स यांच्या निष्कर्षानुसार आजारी जनावरास चावलेली माशी लगेच दुसऱ्यास चावली, तरच रोग पसरतो. घोडमाशीचा दंश वेदनादायक असल्याने घोडा तिला झटकतो आणि ती अर्धपोटी शेजारच्या घोड्यावर बसते. म्हणून रोगी घोडा वेगळा व दूर बांधणे हा माश्या हाकलण्याइतकाच महत्त्वाचा उपाय ठरला. घोडमाशी ओलसर जमिनीत वाढते व उन्हात वावरते. त्यामुळे दिवसा अंधाऱ्या तबेल्यात ठेवून रात्री चारणे हितकारक ठरते. तबेल्यातील दुसरी चावरी माशी ओल्या लिदीत व कुजलेल्या चाऱ्यात वाढते. तिच्यासाठी रोजची सफाई आवश्यक असते.

निष्कर्ष :
या विलंबास साधनांची उणीव कारणीभूत नव्हती. सूक्ष्मदर्शक १८८० मध्येही उपलब्ध होता. पुराव्यापेक्षा पुरावा देणाऱ्याच्या अधिकाराला अधिक वजन मिळाले आणि लोकांचे निरीक्षण केवळ समजूत म्हणून बाजूस राहिले. त्या काळात घोडे, उंट व खेचरे मरतच होती. इव्हान्स यांना १९१७ मध्ये मेरी किंग्जली पदक मिळाले आणि या जीवाला ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय’ असे नाव लाभले. माशीकडे बोट दाखविणाऱ्या लोकांची नावे मात्र इतिहासात नोंदली गेली नाहीत.