पानाबाहेर जाणारी छपाई : कागदाच्या मापांचा पूर्वेतिहास

घरातल्या प्रिंटरमधून मजकूर पानापेक्षा मोठा छापून येतो, उजवीकडची अक्षरे कापली जातात किंवा तळाच्या दोन ओळी पुढच्या कोऱ्या पानावर जाऊन पडतात, तेव्हा दोष यंत्रात शोधला जातो. परंतु बहुतेक वेळा यंत्र व्यवस्थित चालत असते आणि बिघडलेला असतो तो मापांचा मेळ. संगणकातील मजकूर एका आकाराचे पान गृहीत धरून रचलेला असतो, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये दुसऱ्याच आकाराची नोंद असते आणि ट्रेमधला कागद तिसऱ्या आकाराचा असू शकतो. या तिन्ही पानांची मापे वेगळी का, याचे उत्तर संगणकाच्या जन्माच्या फार आधी, हातकागदाच्या आणि खिळ्यांच्या छपाईच्या काळात दडलेले आहे.

हातकागद लगद्यात बुडवून उचललेल्या साच्यावर तयार होई, म्हणून कागदाचे माप म्हणजे साच्याचे माप. साच्यातून निघालेल्या पूर्ण तुकड्याला मराठीत ‘ताव’ म्हणतात. चोवीस तावांचा दस्ता आणि वीस दस्त्यांचे रीम हा हिशेब कागदाच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या चालला. ताव एकदा दुमडला की दोन पाने, दोनदा दुमडला की चार आणि तीनदा दुमडला की आठ पाने मिळतात, आणि मराठी प्रकाशन व्यवसायात आजही ‘डेमी अष्टमांश’ किंवा ‘क्राउन’ असा पुस्तकाचा आकार सांगितला जातो तो याच घडीच्या भाषेत. भारतीय पोथ्यांनी मात्र घडीची वाट धरलीच नव्हती. ताडपत्राच्या लांबट, आडव्या, सुट्या पानांचे वळण कागदी पोथ्यांनीही पाळले, आणि एकोणिसाव्या शतकात गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापाची, म्हणजे दगडावर मजकूर उतरवून छापण्याची, कला रुजवल्यानंतरही छापील पोथीचे पान आडवेच राहिले. पानाचा आकार वाचणाऱ्याच्या सवयीत किती खोल रुतून बसतो, हे यावरून ध्यानात यावे.

घडीच्या पद्धतीत एक अडचण होती. डेमी ताव साडेसतरा इंच रुंद आणि साडेबावीस इंच लांब असतो, म्हणजे त्याची लांबी रुंदीच्या सुमारे १.२९ पट असते. तो अर्ध्यात दुमडला की मिळणारे पान सव्वाअकरा बाय साडेसतरा इंचांचे, म्हणजे १.५६ पट लांबीचे होते, आणि पुन्हा दुमडला की प्रमाण परत १.२९ वर येते. प्रत्येक घडीगणिक पान एकदा आखूड आणि एकदा उंचट दिसते, त्यामुळे एका पानासाठी केलेली रचना लहान करून दुसऱ्या पानावर नेली तर कुठे तरी जास्तीचा समास उरतो किंवा मजकूर बाहेर जातो. घरच्या प्रिंटरवर दिसणाऱ्या घोटाळ्याचे हे मूळ रूप होय.

त्यावरचा तोडगा गॉटिंगेन विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग क्रिस्तोफ लिख्टेनबेर्ग यांनी २५ ऑक्टोबर १७८६ रोजी योहान बेकमान यांना लिहिलेल्या पत्रात सापडतो. आपल्याकडे बीजगणित शिकणाऱ्या एका तरुण इंग्रजाला त्यांनी असा प्रश्न घातला होता की, कितीही वेळा अर्धा केला तरी ज्याचा आकार मूळ आकाराशी समरूप राहील असा ताव कोणता. उत्तर निघाले ते चौरसाची बाजू आणि त्याचा कर्ण यांचे गुणोत्तर, म्हणजे एकास दोनाचे वर्गमूळ, सुमारे १.४१४. मग त्या प्रमाणात कापण्यासाठी लिख्टेनबेर्ग यांनी कात्री घेऊन हाताशी असलेला कागद पाहिला, तर त्याचे प्रमाण मुळातच तसे असल्याचे त्यांना आढळले आणि त्याचा त्यांना आनंद झाला. गणिताने शोधलेली गोष्ट कोणा अनाम कागद्याच्या साच्यात आधीपासून नांदत होती, ही या इतिहासातील सर्वांत सुंदर घटना आहे.

हे गुणोत्तर मीटरशी जोडले फ्रान्सने. क्रांतीनंतर ३ नोव्हेंबर १७९८ च्या मुद्रांक कायद्यात करपात्र कागदाचे जे आकार ठरवले गेले, त्यांतील काही आजच्या ए २ आणि ए ३ या मापांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. परंतु तो कायदा विस्मरणात गेला आणि कल्पनेला सव्वाशे वर्षे वाट पाहावी लागली. रसायनशास्त्रातील नोबेलचे मानकरी विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी १९११ च्या सुमारास याच गुणोत्तरावर, एका सेंटिमीटरपासून सुरुवात करून, ‘जागतिक आकार’ मांडला. त्यांचे एकेकाळचे सहायक वाल्टर पोर्स्टमान यांनी त्याऐवजी क्षेत्रफळाचा पाया घेतला, आणि त्यांच्या मांडणीवर आधारलेले डी.आय.एन. ४७६ हे जर्मन मानक १८ ऑगस्ट १९२२ रोजी प्रसिद्ध झाले. त्यातील ए ० या तावाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर, माप ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. तो चार वेळा अर्धा केला की २१० बाय २९७ मिलिमीटरचे ए ४ पान मिळते. एका तावात अशी सोळा पाने बसत असल्यामुळे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या कागदाचे एक पान बरोबर पाच ग्रॅमचे भरते, आणि टपालखर्च काढण्यासाठी तराजूचीही गरज उरत नाही. १९७५ साली हीच मापे आय.एस.ओ. २१६ या नावाने आंतरराष्ट्रीय झाली.

अमेरिका या वाटेने गेली नाही. तेथे सतरा बाय बावीस इंचांचा ताव चार भागांत कापून साडेआठ बाय अकरा इंचांचे ‘लेटर’ पान काढण्याची रीत व्यापारात रुळलेली होती आणि १९२१ पासून तिला मानकाचे बळ मिळाले. मिलिमीटरमध्ये हे पान २१५.९ बाय २७९.४, म्हणजे ए ४ पेक्षा ५.९ मिलिमीटरने रुंद आणि १७.६ मिलिमीटरने आखूड आहे. फरक इतका थोडा आहे की डोळ्यांना तो जाणवत नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवा ठरतो.

भारतात इंग्रजी अमदानीत चलती होती ती फुलस्केपची. विदूषकाच्या घुंगुरटोपीचे जलचिन्ह, म्हणजे उजेडात धरल्यावर दिसणारी खूण, या कागदात असे, त्यावरून हे नाव पडले. १९५७ साली भारताने ए मालिका स्वीकारली आणि पुढे आय.एस. १०६४ हे मानक तिचा आधार राहिले, तरी कचेऱ्या, वकिलांचे कक्ष आणि शाळा यांतून फुलस्केप व त्याचा थोरला भाऊ शोभणारा साडेआठ बाय चौदा इंचांचा लीगल कागद लवकर हलले नाहीत. सर्वोच्च न्यायालयात दोन्ही बाजूंनी छापलेला ए ४ कागद रूढ करण्याचा निर्णय २०२० सालचा आहे. त्यामुळे जुन्या लीगल मसुद्यावरून तयार केलेली फाइल महाराष्ट्रातील एखाद्या घरी ए ४ कागदावर छापली जाते, तेव्हा तळाचा जवळजवळ सहा सेंटिमीटर मजकूर बाहेर राहतो. हा प्रसंग अपवादात्मक नाही.

संगणकाच्या छपाईने ही सगळी मापे एकत्र आणली. १९८४ साली आलेल्या पोस्टस्क्रिप्ट या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेने लांबीचे एकक म्हणून खिळे ओतणाऱ्यांचा ‘पॉइंट’ घेतला आणि तो इंचाचा बहात्तरावा भाग असा पूर्णांकात बसवला. पुढे पीडीएफनेही तोच ठेवला. या एककात लेटर पान ६१२ बाय ७९२ असे नेमके येते, तर ए ४ ची रुंदी ५९५.२८ अशी अपूर्णांकात सुटते. आज्ञावली अमेरिकेत घडल्या, म्हणून पुष्कळ ठिकाणी न सांगता गृहीत धरलेले पान लेटरच राहिले. ए ४ वरील मजकूर लेटरच्या सेटिंगने पाठवला की तळाची पट्टी कापली जाते; तो ९४ टक्के केला तर मावतो. उलट बाजूने, लेटरचा मजकूर ए ४ वर आणायला ९७ टक्के पुरतात. प्रिंटरमधील ‘फिट’ हा पर्याय हेच गणित करतो, आणि ‘ॲक्चुअल साइज’ ते करायचे नाकारतो.

चित्रांच्या बाबतीत चूक अधिक मोठी होते. ए ४ आकाराची गुणपत्रिका इंचाला ३०० ठिपके या दराने स्कॅन केली की २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचे चित्र तयार होते. ते मोबाइलवरून पाठवताना दराची नोंद गळून पडली आणि उघडणाऱ्या प्रोग्रॅमने पडद्याचा ९६ हा दर धरला, तर त्याच २४८० ठिपक्यांची रुंदी ६५६ मिलिमीटर, म्हणजे मूळच्या तिपटीहून थोडी जास्त भरते, आणि कागदावर गुणपत्रिकेचा एक कोपरा तेवढा उमटतो. शाईच्या प्रिंटरमधील ‘बॉर्डरलेस’ छपाई तर प्रतिमा मुद्दाम थोडी मोठी करते, कारण कागद किंचित सरकला तरी कडेला पांढरी रेघ राहू नये. फोटोसाठी ही सोय योग्य असली तरी अर्जासाठी नाही.

हा घोळ सोडवायला झेरॉक्सच्या दुकानातील अनुभव उपयोगी पडतो. १९५९ साली आलेल्या झेरॉक्स ९१४ या यंत्राचे नावच ते नऊ बाय चौदा इंचांपर्यंतच्या कागदाची प्रत काढी यावरून पडले होते, आणि आजच्या यंत्रांवरील ७१ व १४१ हे टक्क्यांचे आकडे म्हणजे लिख्टेनबेर्ग यांचेच गुणोत्तर आहे : ए ३ चे ए ४ आणि ए ४ चे ए ३. घरी मात्र दोष नेमका कुठे आहे हे फूटपट्टीने कळते. कोऱ्या पानावर शंभर मिलिमीटरची रेघ आखून ती छापावी आणि मोजावी. ती १०३ भरली तर प्रमाण कुठे तरी वाढवले गेले आहे, आणि ती बरोबर शंभर असूनही मजकूर कापला जात असेल, तर प्रिंटरला सांगितलेले पान आणि ट्रेमधला ताव यांची नावे पुन्हा जुळवून पाहावी लागतात.