नान-खलिया: मोजक्या पैशात शाही दावत

आजच्या भागात एक हिशोब मांडू. घरात लग्न आहे, पंगतीला पाचशे माणसं, सगळ्यांना मांसाहारी जेवण घालायचंय आणि खिशात पैसे मोजके. काय कराल?

युरोपात सणाला मांसाचा अख्खा तुकडा ओव्हनमध्ये भाजतात, त्याला रोस्ट म्हणतात. पण त्यासाठी शक्यतो मऊ, म्हणजे महागडा भाग लागतो आणि घरात ओव्हन लागतो. आपल्याकडे सामान्य घरात दोन्ही नव्हतं. छत्रपती संभाजीनगरनं, म्हणजे जुन्या औरंगाबादनं, यावर स्वतःचं उत्तर शोधलं: नान-खलिया.

याची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तिचं नाव दौलताबाद ठेवलं. त्याच्या फौजेला झटपट, पोटभर जेवण हवं होतं, म्हणून हा पदार्थ जन्मला, असं शहरात सांगतात. ऐकायला भारी वाटतं. पण आता वाडग्यात बघा. वर लालभडक तर्री तरंगतेय. ती येते मिरचीतून. आणि मिरची भारतात आली पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात! म्हणजे तुघलकाच्या सैनिकानं काहीही खाल्लं असलं, तरी हा लाल खलिया नक्कीच खाल्ला नाही.

मग गोष्ट खोटी का? पूर्ण नाही. ‘कलिया’ हे नाव खरंच जुनं आहे. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त कलियाची नोंद सापडते, त्यात तिखटपणा मिऱ्यांचा आहे. म्हणजे नाव बाहेरून आलं, मिरची समुद्रापलीकडून आली, आणि या गावच्या आचाऱ्यांनी दोन्ही एकाच देगेत घातलं. १६१० मध्ये मलिक अंबरनं वसवलेलं खडकी, मग औरंगजेबाचं औरंगाबाद, मग निजामाची राजवट. इतके सत्ताधीश बदलले, पण देग चुलीवरच राहिली.

आता पैशाचं गणित. खलियाला बकऱ्याचं मटण चालतं, पण मोठ्या दावतीत बऱ्याचदा ‘बडे का’ असतं, कारण ते स्वस्त पडतं. त्यातही मांडी-नळीचे चिवट तुकडे. हे तुकडे घाईनं भाजले तर चामड्यासारखे लागतात. पण कांदा, आलं-लसूण, मसाला घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजवले की त्यातले चिवट धागे विरघळतात आणि रस्सा दाट, चिकट होतो. महागड्या भागाची कसर इथं वेळ भरून काढतो.

आणि नान? तो बाजारातल्या भट्टीवर भाजला जातो. वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवला की पिवळसर चमक येते. म्हणजे ओव्हन आहे, पण तो एका घराचा नाही, मोहल्ल्याचा आहे. यजमानानं फक्त देग सांभाळायची. पाचशे माणसांचा खर्च इथंच आवाक्यात येतो.

पण ‘बडे का’ म्हणजे नेमकं काय, हेही बदललं. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यानं आली. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीच्या मांसावर ती बंदी नाही. त्यामुळे आज कायदेशीर ‘बडे का’ म्हणजे म्हशीचं. स्वस्त मांसाचा एक मोठा स्रोत बंद झाला. याचा फटका कसायांना बसला, आणि म्हातारा बैल विकून दोन पैसे मिळवणाऱ्या शेतकऱ्यालाही.

म्हणून कोणी तुम्हाला नान-खलिया ‘तुघलकाचं शाही जेवण’ म्हणून वाढला, तर आवडीनं खा, पण श्रेय थोडं वाटून द्या. सुलतानाचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहिलं. साध्या माणसाच्या घरची पंगत मात्र नाव माहीत नसलेल्या आचाऱ्यांनी आणि भट्टीवाल्यांनी शाही केली.

तुमच्या गावात मोजक्या पैशात मोठी पंगत उठवणारा पदार्थ कोणता? आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!