तितुलेस्कू : लहान देशाचा वकील

मंडळी, लहान देशाला आंतरराष्ट्रीय कायद्याचा उपयोग काय? बळी तो कान पिळी, एवढंच शेवटी खरं का? हा प्रश्न घेऊन आज आम्ही रोमानियाच्या निकोलाय तितुलेस्कूंकडे वळतो आहोत.

जन्म १८८२, क्रायोवा. मूळचे दिवाणी कायद्याचे प्राध्यापक, पुढे अर्थमंत्री. पहिल्या महायुद्धानंतर रोमानियाला हंगेरीचा ट्रान्सिल्व्हेनिया आणि रशियाचा बेसारेबिया मिळाला. १९२० च्या ट्रायनॉन तहावर रोमानियातर्फे सह्या करणाऱ्यांत तितुलेस्कू होते. आता बघा, मिळालं खरं, पण राखायचं कसं? शेजारी दुखावलेले, आणि स्वतःची ताकद बेताची. तितुलेस्कूंचं उत्तर एकच : करार. १९३० आणि १९३१ असे लागोपाठ दोनदा ते राष्ट्रसंघाच्या आमसभेचे अध्यक्ष झाले.

१९३३ साली, परराष्ट्रमंत्री असताना, लंडनमध्ये त्यांनी आक्रमणाची व्याख्या करणाऱ्या करारावर सही केली. युद्ध पुकारणं, सैन्य घुसवणं, हल्ला, नाकेबंदी, सशस्त्र टोळ्यांना मदत. यांपैकी काहीही जो आधी करील तो आक्रमक. राजकीय, लष्करी, आर्थिक, कुठलीही सबब चालणार नाही. सही करणाऱ्यांत सोव्हिएत संघही होता. त्याच्याशी परस्पर-मदतीचा करार करण्याच्या बेतात असतानाच, ऑगस्ट १९३६ मध्ये, राजा दुसरा कॅरोल याने त्यांना मंत्रिमंडळातून काढलं.

जून १९४० मध्ये सोव्हिएत संघाने निर्वाणीचा खलिता धाडून बेसारेबिया घेतला. व्याख्येच्या यादीत धमकी नव्हतीच! ऑगस्टमध्ये जर्मनी-इटलीच्या निवाड्याने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीकडे गेला. तितुलेस्कू १९४१ साली फ्रान्समध्ये, कान इथे, परागंदा अवस्थेतच वारले.

मग कायदा हरला म्हणायचं? आम्हाला तसं वाटत नाही. कायदा सैन्य अडवत नाही, हे कबूल. पण सबळाच्या कृत्याला नाव काय द्यायचं, हे सबळाच्याच मर्जीवर राहत नाही. १९७४ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आक्रमणाची व्याख्या स्वीकारली, तेव्हा कुठलीही सबब चालणार नाही हे कलम तिच्यात पुन्हा आलं. लहान देशांचे वकील आजही त्यावर बोट ठेवू शकतात.